हेमी काढला, हेमी परत आणला: डॉज आणि रॅमच्या एका निर्णयाची गोष्ट

अमेरिकेतल्या गाडीवेड्यांच्या तक्रारी मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. फोर्डने सेदान बंद केल्या, मस्टँगचं नाव एका इलेक्ट्रिक एसयूव्हीला दिलं, शेवरलेची कमारो २०२३च्या डिसेंबरात संपली. या सगळ्यांतलं एकच प्रकरण इथे घेतो आहे, ते डॉज (मोटारी) आणि रॅम (पिकअप ट्रक) या भावंड ब्रँडांच्या हेमी नावाच्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनाचं. निर्णय, त्याची फळं आणि उघड माघार, तिन्ही गोष्टी पाच वर्षांच्या आत घडल्या, म्हणून हे प्रकरण अभ्यासाला सोयीचं. कंपनी आणि तिचे वरिष्ठ यांची नावं जगजाहीर असल्याने तशीच ठेवली आहेत. ग्राहक, डीलर आणि कामगार नावाविना आहेत.

पार्श्वभूमी

जानेवारी २०२१मध्ये फियाट क्रायस्लर आणि फ्रान्सची पीएसए (प्यूजोवाली) या वाहन कंपन्या एकत्र आल्या आणि स्टेलांटिस जन्माला आली. एका छपराखाली चौदा ब्रँड. आपल्याकडे रांजणगावहून बाहेर पडणारी जीप कंपास याच घराण्यातली. कारभारी कार्लोस टावारेस हे पीएसएकडून आलेले. खर्च छाटण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि तो पोकळ नव्हता. पीएसए त्यांनी सावरली होती, वर्षानुवर्षं तोट्यातली ओपेल विकत घेऊन नफ्यात आणली होती.

या चौदांमधला डॉज हा तसा विचित्र ब्रँड. मोजकीच मॉडेलं, त्यांतही ओळख दोन गाड्यांवर: चार दारांची चार्जर आणि दोन दारांची चॅलेंजर. दोन्हींचा सांगाडा २००० नंतरच्या पहिल्या दशकातला, म्हणजे या धंद्याच्या हिशेबाने पणजोबाच. पण बोनेटखाली हेमी. ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असल्यामुळे पडलेलं हे नाव १९६४च्या डेटोना ५०० शर्यतीपासून अमेरिकेत घरोघरी पोचलेलं. २००३च्या मॉडेलात ५.७ लिटरचा नवा हेमी रॅम पिकअपमध्ये आला आणि २०१५च्या मॉडेलात चॅलेंजर-चार्जरची ७०७ अश्वशक्तीची हेलकॅट ही आवृत्ती. तरी डॉजची खरी कमाई हेलकॅट नव्हे. ६.४ लिटरचा, ४८५ अश्वशक्तीचा व्ही-८ साधारण पन्नास हजार डॉलरच्या आत मिळे, ही ती कमाई. पगारदार माणसाला हप्त्यावर झेपेल असा हा दणका दुसरीकडे सहज मिळत नसे. २०२२मध्येही या दोन म्हाताऱ्या गाड्या मिळून अमेरिकेत सव्वा लाखाहून जास्त विकल्या गेल्या.

अडचण

अडचण खरी होती, हे आधी मान्य करायला हवं. गाडीशौकिनांच्या कट्ट्यावर हे कोणी मान्य करत नाही. तिथे टावारेस हा खलनायक आणि गोष्ट तिथेच संपली.

अमेरिकेत प्रत्येक कंपनीच्या ताफ्याचं सरासरी मायलेज ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं की तेव्हा दंड बसायचा. २०१८ आणि २०१९ या दोन मॉडेल वर्षांसाठी स्टेलांटिसने २३ कोटी ५५ लाख डॉलर दंड भरला. त्याआधीच्या दोन वर्षांचे पंधरा कोटींवर वेगळे. ऑगस्ट २०२१मध्ये बायडन सरकारने २०३०पर्यंत निम्म्या नव्या गाड्या विजेवर चालणाऱ्या हव्यात असं लक्ष्य जाहीर केलं. टावारेस यांनी मार्च २०२२च्या आराखड्यात अमेरिकेसाठी तोच आकडा धरला: २०३०पर्यंत निम्मी विक्री बॅटरीच्या गाड्यांची. अशा वेळी हेलकॅटचं ६.२ लिटरचं, सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा पंप) लावलेलं इंजिन विकणं म्हणजे दर गाडीमागे दंडाची पावती फाडणं.

ही अडचण मुख्यालयाला दिसली. दुसरी दिसली नाही. ग्राहक नेमकं काय विकत घेतो आहे?

इथे जरा इंजिनात डोकावू. अमेरिकन व्ही-८मध्ये चार सिलिंडर एका बाजूला आणि चार दुसऱ्या. एकूण हिशेबाने इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) दर ९० अंश फिरला की एक ठिणगी पडते, अगदी नियमित. पण क्रँकची रचना अशी की दोन्ही बाजूंचे सिलिंडर पाळीपाळीने पेटत नाहीत. एका बाजूच्या एक्झॉस्टमध्ये धक्के येतात ते ९० अंशांनी, मग १८०, मग २७०, परत १८०. ती लंगडी लय सायलेन्सरमधून बाहेर पडते तेव्हा गाडी जागेवर उभी असतानाही घशातल्या घशात गुरगुरते. एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन दर १२० अंशांना पेटतं, बरोबर मोजून मापून. अभियंत्याच्या दृष्टीने ते सरस. कानाला मात्र शिवणयंत्र. बुलेटचं फायरिंग ऐकून मान वळवणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

हा लंगडा ठेका अश्वशक्तीच्या रकान्यात बसत नाही आणि खर्चाच्या तक्त्यात तर त्याला रकानाच नसतो. घोडं इथेच पेंड खातं.

समोरचे पर्याय

जुन्या गाड्या तशाच रेटत राहणं हा पहिला मार्ग. सोपा दिसतो, पण सांगाडा वीस वर्षांच्या घरात गेलेला, नियम बदलत चाललेले आणि या गाड्या बनवणाऱ्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात कधीतरी पैसा ओतावाच लागणार होता. फार तर दोन-तीन वर्षं निभली असती.

दुसरा मार्ग फोर्डचा. त्यांनी इलेक्ट्रिक एसयूव्हीला मस्टँगचं नाव देऊन शिव्या खाल्ल्या खऱ्या, पण मूळ मस्टँगला हात लावला नाही. उलट २०२४च्या मॉडेलासाठी ती नव्याने घडवली आणि ५ लिटरचा व्ही-८ आत ठेवला. नावावरून बोंब झाली, तरी ज्याला जे हवं ते दुकानात होतं.

तिसरा मार्ग स्टेलांटिसच्या हातातच होता. नव्या चार्जरसाठी निवडलेला सांगाडा पेट्रोल, हायब्रिड आणि बॅटरी या तिन्हींसाठी बनवलेला. म्हणजे पेट्रोलची आणि विजेची गाडी एकाच दिवशी बाजारात आणणं कागदावर तरी शक्य होतं.

चौथा मार्ग असा: जुनं सगळं एका ठरलेल्या तारखेला बंद करायचं, आधी इलेक्ट्रिक आणायची, पेट्रोलची मागून. निवडला तो हा.

का निवडला असेल? पहिल्या दिवशी विजेची गाडी एकटीच उभी असली तर लोकांची नजर तिच्यावरच जाणार, शेजारी पेट्रोलवाली असली तर तिला कोण विचारणार, असं गणित असावं. असा विचार करणारा माणूस मूर्ख नसतो. पण ग्राहकाला निवडीचा हक्क दिला तर तो आपल्या विरोधात मत देईल, हे त्याला आतून ठाऊक असतं. ही भीती बैठकीत मोठ्याने कोणी बोलून दाखवली असती, तर कदाचित पुढचं बरंच टळलं असतं.

काय केलं

जुलै २०२१मध्ये डॉजने विजेच्या मसल कारची घोषणा केली. ऑगस्ट २०२२मध्ये मिशिगनच्या पाँटिॲकमध्ये संकल्पनेची गाडी दाखवली. तिच्या नाकावर फ्रॅटझॉग हे साठच्या दशकातलं त्रिकोणी चिन्ह परत आणलेलं. या शब्दाला काडीचा अर्थ नाही. त्या काळी चिन्हाला काहीतरी नाव हवं म्हणून कोणीतरी ठोकून दिलेलं, इतकंच. १९६८च्या चार्जरची सावली तिच्या अंगाखांद्यावर स्पष्ट होती. रूपावरून फार बोंब झाली नाही, हे नोंदवून ठेवतो. अलीकडच्या अमेरिकन गाड्या म्हणजे चाकं लावलेले साबण, ही नेहमीची तक्रार या गाडीला लागू नव्हती.

बोंब झाली ती आवाजावर. विजेची मोटर मुकी, म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला, जिथे सायलेन्सर असायचा तिथे, एक यंत्रणा बसवली. ॲम्प्लिफायरमधून निघालेला आवाज पोकळ कप्प्यांतून घुमवून बाहेर सोडायचा, हेलकॅटइतकाच मोठा, १२६ डेसिबल. कंपनीच्या मते हा नवा एक्झॉस्ट होता. चाहत्यांच्या मते देवळात भजनी मंडळाऐवजी लावलेली कॅसेट. माझं मत थोडं वेगळं आहे: ज्या कोणी हे सुचवलं त्याला ग्राहक कळला होता. आवाजाशिवाय ही गाडी विकली जाणार नाही, हे डॉजच्या आतल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ते कळूनही त्यांच्या हातात उरला होता तो स्पीकर.

मग निरोप समारंभ सुरू झाला. लास्ट कॉल नावाने सात खास आवृत्त्या काढल्या. शेवटची डीमन १७०, मार्च २०२३: इथेनॉलमिश्रित इंधनावर १,०२५ अश्वशक्ती आणि पाव मैल ८.९१ सेकंदांत. निरोप इतका झोकात झाला की मागे राहिलेल्याने काहीही केलं तरी ते फिकं पडावं. २२ डिसेंबर २०२३ला ब्रॅम्प्टनमधून शेवटची गाडी बाहेर पडली.

नवी विजेची गाडी, चार्जर डेटोना, दाखवली ५ मार्च २०२४ला. विक्रीला आली ती वर्ष सरता सरता. ६७० अश्वशक्ती, शून्य ते साठ मैल ३.३ सेकंदांत. वजन अडीच टनांवर. जुनी चॅलेंजरही काही शिडशिडीत नव्हती, पण हे म्हणजे अतीच. आणि किंमत: साधी आवृत्ती आर/टी ५९,५९५ डॉलरपासून, वरची स्कॅट पॅक ७३,१९० पासून, वाहतूक खर्च वेगळा.

याच सुमारास दुसरा निर्णय झाला, आणि मला तो जास्त महाग पडलेला वाटतो. २०२५च्या रॅम १५०० पिकअपमधूनही हेमी काढला आणि त्याच्या जागी तीन लिटरचं, दोन टर्बोंचं सहा सिलिंडरचं हरिकेन इंजिन बसवलं. साध्या हरिकेनची ताकद ४२० अश्वशक्ती, हेमीची ३९५. जास्त ताकद आणि पेट्रोल कमी, मग गिऱ्हाईक तक्रार कशाला करेल? तक्त्याकडे बघितलं तर खरंच कशाला करेल! चार्जर ही शौकाची गाडी, तिचे ग्राहक मोजके. रॅम म्हणजे कंपनीची दुभती गाय. शौकाच्या गाडीत फसलेला प्रयोग पचवता येतो. गायीच्या चाऱ्यात प्रयोग करताना निदान जुन्या चाऱ्याची पेंढी गोठ्यात ठेवायला हवी होती.

परिणाम

डॉजचे प्रमुख टिम कुनिस्किस जून २०२४मध्ये निवृत्त झाले. हेलकॅटपासून डीमनपर्यंत सगळ्यांचा चेहरा हाच माणूस आणि विजेच्या मसल कारचा गजर करणाराही हाच. त्याचं जाणं ही चाहत्यांच्या दृष्टीने कौल लागल्यासारखी गोष्ट होती.

ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या वॉरेनच्या ट्रक कारखान्यातल्या २,४५० पर्यंत कामगारांना कमी करण्याची घोषणा झाली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या डीलरांच्या मंडळाने टावारेस यांना उघड पत्र लिहिलं. तात्पुरत्या नफ्यासाठी ब्रँडांची वाट लावली, असा त्याचा एकूण सूर. टावारेस यांना २०२३ या वर्षासाठी मिळालेला मोबदला ३ कोटी ६५ लाख युरो होता आणि हा आकडा डीलर आणि कामगार दोघांच्याही तोंडी होता. १ डिसेंबर २०२४ला त्यांनी राजीनामा दिला. मुदत संपायला वर्षाहून अधिक काळ बाकी होता. त्या वर्षी अमेरिकेतली विक्री सुमारे १५ टक्क्यांनी घसरून १३ लाखांवर आली आणि समूहाचा निव्वळ नफा १,८६० कोटी युरोवरून ५५० कोटींवर.

हे सगळं हेमीमुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. किमती भरमसाट चढवल्या होत्या, डीलरांच्या आवारात गाड्या साचल्या होत्या, नवी रॅम कारखान्यातून वेळेवर सुटली नव्हती. पण नेमक्या अशा वेळी डॉजच्या डीलरकडे गिऱ्हाइकाला आत ओढेल अशी गाडी नव्हती. जुनी संपलेली, नवी विजेची महाग, नवी पेट्रोलची अजून यायची. तेलही गेलं, तूपही गेलं. २०२५च्या पहिल्या तिमाहीत चार्जर डेटोना खपल्या अवघ्या १,९४७. त्यातली स्वस्त, म्हणजे आर/टी, २०२६च्या मॉडेलातून काढून टाकली.

जून २०२५मधली एक बातमी तर कोणी विनोद म्हणून रचली असती तर ओढूनताणून वाटली असती. अमेरिकेत विजेच्या गाडीने कमी वेगात पादचाऱ्यांना, विशेषतः अंधांना, ऐकू येईल असा आवाज करायलाच हवा असा नियम आहे. ८,३९० चार्जर डेटोना परत बोलवाव्या लागल्या, कारण ॲम्प्लिफायरच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे त्यांतल्या काही बाहेर आवाजच करत नव्हत्या.

कुनिस्किस डिसेंबर २०२४मध्येच परत आले होते, या वेळी रॅमचे प्रमुख म्हणून. सहा महिन्यांच्या आत त्यांनी २०२६च्या रॅम १५००मध्ये हेमी परत येत असल्याची घोषणा केली. हेमी काढून आपण घोळ घातला, असं कंपनीच्या अधिकृत पत्रकात सरळ शब्दांत मान्य केलं. मोठ्या कंपनीच्या पत्रकात असं वाक्य क्वचितच दिसतं. गाडीच्या पुढच्या मडगार्डवर एक बिल्लाही आला: हेमीच्या इंजिनातून डोकं बाहेर काढलेला मेंढा (इंग्रजीत रॅम), आणि त्याचं नाव निषेधाचं चिन्ह. आता निषेध कोणाचा? रॅमने रॅमचाच! पहिल्या चोवीस तासांत दहा हजारांवर मागण्या आल्या असं कंपनीने सांगितलं. बहुतेक मॉडेलांवर १,२०० डॉलर जास्त मोजून लोक २५ अश्वशक्ती कमी विकत घेत होते.

ऑगस्टमध्ये पेट्रोलच्या चार्जरची किंमत जाहीर झाली, ४९,९९५ डॉलरपासून. आत मात्र हरिकेनच, सहा सिलिंडरचं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

विजेची चार्जर बनवणं ही चूक होती असं मला वाटत नाही. २०२१च्या चष्म्यातून पाहिलं तर न बनवणं हाच जुगार ठरला असता. चूक ओव्हरलॅपमध्ये आहे, म्हणजे जुनी आणि नवी गाडी काही काळ शेजारीशेजारी न ठेवण्यात. ब्रॅम्प्टनची शेवटची गाडी आणि नव्या गाडीची पहिली डिलिव्हरी यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर होतं, पेट्रोलवालीपर्यंत तर दोन वर्षांचं. एवढ्या काळात गिऱ्हाईक थांबत नाही. तो शेजारी जाऊन मस्टँग बघतो, आणि एकदा गेलेला गाडीवेडा परत येतो तो जुन्या प्रेमाने नव्हे, सौदा करायला.

क्रम उलटा लावता आला असता. एकाच सांगाड्यावर दोन्ही बसत होत्या, तर आधी पेट्रोलची आणून शोरूममध्ये गर्दी टिकवायची आणि त्याच गर्दीला विजेवालीची फेरी मारायला लावायची. ३.३ सेकंदांचा धक्का पाठीला एकदा बसला की पाच-दहा टक्के लोक तरी वळले असते. एकटी उभी केलेली गाडी ही शिक्षा वाटते, दोघींतली एक असली तर निवड वाटते.

रॅमच्या बाबतीत तर क्रमाचाही प्रश्न नव्हता. हेमी आणि हरिकेन शेजारीशेजारी विकायचे, हेमीला जादा किंमत लावायची आणि लोक किती मोजतात ते पाहायचं. नंतर १,२०० डॉलर लावून हेच तर केलं! मधला फरक एवढाच की आधी वर्षभर डीलरांना गिऱ्हाइकांची तोंडं बघावी लागली.

तिसरी जागा जरा अवघड आहे. हे इंजिन का हवं, हे टावारेस यांच्यापुढे कोण मांडणार होतं? कुनिस्किस मांडू शकले असते, पण विजेच्या मसल कारचे भालदार तेच. एकाच माणसाकडून घोषणा आणि हरकत दोन्हींची अपेक्षा ठेवता येत नाही. युरोपात बसलेल्या कारभाऱ्यापर्यंत डीलरांचं म्हणणं पोचायला उघडं पत्र लिहावं लागलं, यावरून मधल्या पायऱ्या किती कान देत होत्या ते कळतं. नव्या मॉडेलचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत चार जुन्या डीलरांना खुर्ची दिली असती तर खर्च चहाचाच होता.

चाहत्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. ओरडणारे सगळेच घेणारे होते का? त्या दहा हजार मागण्यांत डीलरांनी आवारात उभ्या करायला मागवलेल्या गाड्याही धरल्या जातात. गोंगाटावरून मागणी मोजणं ही अश्वशक्तीवरून आवड मोजण्याइतकीच घसरडी पद्धत आहे. हेमी परत आल्यावर तो दोन-चार वर्षं सातत्याने खपला तरच चाहते बरोबर होते असं म्हणता येईल.

शिवाय या माघारीला नशिबाचीही साथ मिळाली. हेमीची घोषणा झाली जूनच्या सुरुवातीला. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने मायलेजचा दंड शून्यावर आणला. सप्टेंबरअखेर विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची सवलतही बंद झाली. वॉशिंग्टनचं वारं उलटं वाहिलं असतं तर याच निर्णयाला आज बेजबाबदार म्हटलं गेलं असतं. टावारेस एका सरकारच्या भरवशावर पुढे धावले, त्यांच्यानंतरचे दुसऱ्या सरकारच्या भरवशावर मागे फिरले.

ब्रॅम्प्टनचा हिशेब मात्र अजून उघडाच आहे. शेवटची चॅलेंजर गेल्यावर कारखान्यात जीप कंपास येणार असं ठरलं होतं आणि सुमारे तीन हजार कामगार त्याच आशेवर घरी बसले होते. फेब्रुवारी २०२५मध्ये ते काम थांबवलं. ऑक्टोबरमध्ये स्टेलांटिसने अमेरिकेत १,३०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, त्यात कंपास इलिनॉयमधल्या बेल्व्हिडियरला गेली. हेमी परतला तो मिशिगनमध्ये बनणाऱ्या ट्रकमध्ये. ज्या हातांनी वर्षानुवर्षं चार्जर आणि चॅलेंजर जोडल्या, त्यांच्या वाट्याला ना हेमी आला ना कंपास.